तातडीने मदत हवी: 'इनेप्ट' म्हणजे अकुशलच का?

कोयनाकाठ: इनेप्ट या इंग्रजी शब्दाला मराठीत नेमकं काय म्हणायचं? डिक्शनरीत 'अकुशल' दिलंय, तेवढ्याने भागत नाही. उद्या सकाळी पत्राचं उत्तर द्यायचंय. प्लीज लवकर सांगा.

शब्दवेडा: मूळ लॅटिन 'इनेप्टस', म्हणजे इन + अ‍ॅप्टस, न जुळणारा, अयोग्य. अ‍ॅप्टिट्यूड त्याच घरातला. इनॅप्ट वेगळा हं, तो प्रसंगाला न शोभणाऱ्या बोलण्यासाठी.

खडूफळा: आधी पूर्ण वाक्य द्या. तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, सुट्या शब्दाचा अर्थ मी कधीच सांगितला नाही. पत्र कुणाचं, कुणाला?

मिरजकर७: सरळ 'वेंधळा' लिहा की.

शब्दवेडा: वेंधळा नाही. वेंधळ्याचं लक्ष नसतं, इनेप्टला ते काम जमतच नाही. आणि 'कुशल'ची परंपरेने सांगतात ती फोड बघा: हात न कापता कुश गवत आणतो तो कुशल. पाती धारदार असतात.

मिरजकर७: आमच्याकडे हातातून भांडं पडलं की आजी वेंधळाच म्हणायची. लक्ष असो नसो.

खडूफळा: वाक्य द्या हो कुणीतरी!

कोयनाकाठ: सॉरी, भावाला कामावर मिळालेल्या मेमोत आहे, त्याचंच उत्तर द्यायचंय. तो टर्नर आहे, लेथवर काम करतो. 'इनेप्ट हँडलिंग ऑफ मेझरिंग इन्स्ट्रुमेंट' असं लिहिलंय. आई कालपासून जेवली नाही. तिला वाटतंय त्याला अकुशल ठरवून पगार कमी करणार.

खडूफळा: हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं, ताई. इथे इनेप्ट हे विशेषण 'हँडलिंग'चं आहे, तुमच्या भावाचं नाही. 'मापनाचं उपकरण नीट हाताळलं नाही' एवढंच. त्याला इनेप्ट म्हटलेलं नाही.

हिशेबनीस: आणि किमान वेतनाच्या तक्त्यातला 'अकुशल' म्हणजे इंग्रजीत अनस्किल्ड. कुशल, अर्धकुशल, अकुशल या कामाच्या श्रेण्या आहेत, तो शेरा नव्हे. आईंना हे आजच सांगा, त्यांना जेवू द्या.

लेथवाला: उपकरण कुठलं? मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं उपकरण असेल, तर पडल्यावर झिरो तपासला होता का, म्हणजे पूर्ण मिटवल्यावर शून्य दाखवतो का ते?

मिरजकर७: विषय शब्दाचा चाललाय, दादा.

लेथवाला: मेमो शब्दावरून निघत नाही. मायक्रोमीटर पडला की झिरो हलू शकतो, मग पुढचं प्रत्येक माप तेवढ्याने चुकतं आणि जॉब, म्हणजे घडवलेला भाग, रिजेक्ट होतो. साध्या मायक्रोमीटरवर एक रेघ म्हणजे 0.01 मिमी, तिथे एक रेघसुद्धा महाग पडते.

कोयनाकाठ: मायक्रोमीटरच होता, तेलकट हातातून निसटला. भावाला आत्ता फोन केला. त्याने लगेच दोन्ही टोकं पुसून मिटवून पाहिलं, तीन रेघांचा फरक आला. तेव्हाच सुपरवायझरना तोंडी सांगितलं आणि दुसरा मागून घेतला. जॉब एकही रिजेक्ट नाही.

खडूफळा: मग 'इनेप्ट'वर वाद घालू नका. उपकरण निसटलं हे मान्य करा आणि पुढे त्याने काय केलं ते क्रमाने लिहा.

लेथवाला: सांगितलं तेव्हा शेजारच्या मशीनवर कोण होतं, तेही लिहा. आणि दुसरा मायक्रोमीटर दिल्याची टूलरूमच्या रजिस्टरला नोंद असणार. ती तारीख, वेळ सकाळी आधी बघून घ्यायला सांगा त्याला.