'इतिहासहीन' की 'इतिहासाला मुकलेला'?

वाचनखूण
एक कादंबरी तिसऱ्यांदा हातात घेतली आहे. आधी दोनदा शंभर पानांच्या आतच सोडली होती. त्यातल्या समाजाला इतिहास नाही. जुनी पुस्तकं नाहीत, थडगी नाहीत, आडनावं नाहीत. पात्रांच्या बोलण्यात भूतकाळच नाही, सगळं 'आहे', 'करतो', 'येते'. कोण कधी मेलं हे आपणच मागं जाऊन शोधायचं, त्यात दमछाक होते. वाचनगटासाठी टिपण करताना मी 'इतिहासहीन समाज' लिहिलं, तर मैत्रिणीनं खोडलं. 'हीन' म्हणजे हलका, तो शिक्का त्या माणसांवर बसतो असं तिचं म्हणणं. तिनं सुचवलेलं 'अनैतिहासिक' मला पटत नाही. मग काय लिहू?

कानामात्रा
'अनैतिहासिक' नकोच. नाटकातला प्रसंग अनैतिहासिक असतो, म्हणजे प्रत्यक्षात न घडलेला. समाज कसा असेल? पण 'हीन'वरचा आक्षेपही बरोबर नाही. धातू 'हा', म्हणजे टाकणे. हीन म्हणजे टाकलेला, सोडलेला. हलकेपणा मागाहून चिकटला.

उंबरठा
मागाहून का होईना, चिकटला ना! वाचणारा धातू आठवत वाचत नाही. 'इतिहासशून्य' लिहा.

पायमोड
शून्य म्हटलं की कधी नव्हताच असं वाटतं. इथं तर तो काढून घेतलाय. 'इतिहासवंचित' घ्या. वञ्च् म्हणजे फसवणे, 'वंचना' त्यातलीच. फसवून काढून घेतलं, हे एका शब्दात येतं.

उंबरठा
आज 'वंचित' वाचून फसवणूक कुणाला आठवते? आणि ही सगळी संस्कृत शेपटं कशाला? आजी म्हणायची, "पोर आईला मुकलं." आई होती आणि आता नाही, दोन्ही त्या एका क्रियापदात आहे. 'इतिहासाला मुकलेला समाज' म्हणा.

मोडीवाचक
फार छान. मुकणे म्हणजे मुके होणे, असं आमच्या गुरुजींनी सांगितलं होतं. ज्यांना भूतकाळ बोलताच येत नाही त्यांना तर हे अगदी लागू पडतं.

कानामात्रा
अर्थ जुळतो, व्युत्पत्ती नाही. 'मुका' आला मूकवरून. 'मुकणे' प्राकृत 'मुक्क'वरून, म्हणजे संस्कृत 'मुक्त'. धातू मुच्.

वाचनखूण
म्हणजे 'मुक्त' आणि 'मुकलेला' एकाच घरचे? कादंबरीतले अधिकारी सारखं सांगतात की आम्ही माणसाला काळाच्या ओझ्यातून सोडवलं. त्यांच्या तोंडी 'इतिहासमुक्त' आणि माझ्या टिपणात 'इतिहासाला मुकलेला'. वाचून काटा आला अंगावर.

समासचिन्ह
टिपणात 'डिस्टोपिया', म्हणजे माणसाला जगणं नकोसं करणारा कल्पित समाज, असं लिहिणार असाल तर तोही शब्द बदला. 'दुर्लोक' म्हणा. आपण घडवला नाही तर शब्द रुळणार कसा?

उंबरठा
'दुर्लोक' नरकासारखा वाटतो. बेबंदशाही, मोगलाई, अंधेरनगरी हेही चालणार नाहीत. तिथं कायदाच नसतो. इथं माणूस जेरीला येतो तो नियमांनी.

पायमोड
डिस्टोपिया राहू द्या. १५१६ मध्ये टॉमस मोरनं ग्रीक तुकडे जोडून 'यूटोपिया' केला, 'नसलेलं ठिकाण'. उच्चारात 'चांगलं ठिकाण'ही ऐकू येतं. त्याच्या उलटा शब्द जॉन स्टुअर्ट मिलनं १८६८ मध्ये ब्रिटिश संसदेत आयर्लंडबद्दल बोलताना वापरला. इंग्रजीनंही उसनवारीच केली.

समासचिन्ह
त्यांनी निदान तुकडे जोडून शब्द घडवला. आपण आयता घेतो. 'दिनांक' घडवला, तो रुळलाच ना?

मोडीवाचक
रुळला, पण 'तारीख' टिकली हे बरं झालं. अरबीत तारीख म्हणजे दिवसाचा आकडा आणि इतिहासही. तवारीख हे तिचंच अनेकवचन. 'दिनांका'त आकडा तेवढा उरतो. इतिहास पुसण्याबद्दल बोलताना शब्दाच्या पोटातला इतिहास आपणच पुसायचा का?

समासचिन्ह
हा आरोप मला मान्य नाही. नवा शब्द आणणं म्हणजे जुना पुसणं नव्हे. 'इतिहास' तरी काय, इति-ह-आस, 'असं खरोखर होतं', असे तीन तुकडे जोडूनच झाला.

कानामात्रा
त्यातला 'आस' बघा. तो लिट् लकार, म्हणजे संस्कृत क्रियापदाचं भूतकाळाचं एक रूप. पाणिनी म्हणतो 'परोक्षे लिट्', बोलणाऱ्यानं स्वतः न पाहिलेला भूतकाळ.

पायमोड
पाणिनीच्या हिशेबानं अस्‌चं लिट् 'बभूव' व्हायला हवं. 'आस' हे त्याआधीचं रूप.

कानामात्रा
रूप जुनं असेल, लकार तोच आहे.

मोडीवाचक
मराठीत क्रियापदात तो भेद उरला नाही. 'तो आला' हे पाहिलेलंही आणि ऐकलेलंही. वेगळं सांगायचं तर 'आला म्हणे' असं म्हणावं लागतं. वाचनखूण, त्या कादंबरीत 'म्हणे'सारखं काही आहे का?

वाचनखूण
आहे! एक म्हातारी आहे. तिला 'होता' म्हणता येत नाही, म्हणून ती 'ऐकू येतं' म्हणते आणि नातवाला सांगत राहते. दोन्ही वेळा मी ती पानं घाईत उलटली होती. आज परत वाचते. पण टिपणात काय लिहू, ते ठरलं का?

उंबरठा
'मुकलेला'. दुसरं काही लिहू नका.

पायमोड
'वंचित'वर मी अजून ठाम आहे.

समासचिन्ह
'दुर्लोक' नरकासारखा वाटतो एवढंच कारण पुरत नाही. 'दुर्ग'मध्येही दुर् आहे, आणि तिथं त्याचा अर्थ वाईट नव्हे, जायला अवघड असा आहे.