वेशीवरच्या पाटीसाठी: ‘स्वागत’, ‘सुस्वागतम्’ की ‘आपले स्वागत आहे’?

मंडळी, पश्चिम सिडनीतल्या आमच्या उपनगराच्या तोंडाशी बहुभाषिक स्वागतफलक लावायचं घाटतंय. सगळ्यात वर इथल्या मूळ दारुग भाषेतलं ‘वरामी’, खाली इंग्रजी, मग रहिवाशांच्या भाषा. जागा कमी, म्हणून हिंदी, मराठी, नेपाळी मिळून देवनागरीची एकच ओळ सुचवली आहे: ‘सुस्वागतम्’. चालेल का?

— अर्थाला हरकत नाही. ‘स्वागत’ म्हणजेच सु + आगत. त्यावर आणखी एक ‘सु’ चढवलाय, पण लग्नाच्या मांडवापासून गावच्या कमानीपर्यंत तो रुळला आहे. (तमिळ ‘नल्वरवु’चीही घडण अशीच: नल् म्हणजे चांगलं, वरवु म्हणजे येणं.) अडचण आहे ती पाय मोडक्या ‘म्’ची. धावत्या गाडीतून तो पाय दिसत नाही, आणि रंगवणारा विसरला की ‘सुस्वागतम’ उरतं, ते ना संस्कृत ना मराठी. एकच ओळ असेल तर नुसतं ‘स्वागत’ लिहा. तिन्ही भाषांत चालतं.

— मला मराठीची वेगळी ओळ हवी. गुजरातीला ‘भले पधार्या’ आणि पंजाबीला ‘जी आयां नूं’ मिळतंय, मग लिपी सारखी एवढ्यासाठी आपण ओळ का सोडायची? ‘आपले स्वागत आहे’ लिहा. ‘तुमचे’ नको. ‘आपले’मध्ये येणाऱ्याचा मान आहे, शिवाय ‘आपण सगळे’ यातलं ‘आपले’ही त्यात ऐकू येतं. दूरदेशी वस्तीच्या वेशीवर याहून चांगला शब्द मला सुचत नाही.

उपनगराचं नाव घालणार असाल तर ‘मध्ये’ जोडूनच लिहा: ‘पॅरामाटामध्ये’. हिंदीत ‘में’ सुटं लिहितात, त्या सवयीने ‘पॅरामाटा मध्ये’ होऊन बसतं. ‘ल’ मराठी वळणाचा मागून घ्या, ‘आपले’मध्ये तो लगेच डोळ्यात भरतो.

— ओळ एकच ठेवा की मराठीची वेगळी, वरच्या दोघांच्याही सूचना पटल्या, पण एक राहिलं. ईमेलमधला मजकूर तपासून थांबू नका. फलक करणाऱ्याच्या सॉफ्टवेअरला देवनागरी नीट येत नसेल तर ‘स्व’ फुटून ‘स् वागत’ होतं, आणि उर्दू ‘खुश आमदीद’ची अक्षरं सुटी होऊन उलट्या क्रमाने लागतात. छपाईला जाणारी शेवटची प्रत मागवा आणि प्रत्येक ओळ ती भाषा रोज वाचणाऱ्या माणसाला दाखवा.