मदत हवी आहे: दहा हजार फुटांवर पेलेट स्टोव्हचा पाइप ३ इंची की ४ इंची?

मंडळी, कोलोरॅडोत लेडव्हिलला घर घेतलंय, उंची सुमारे १०,१५० फूट. आधीच्या मालकाचा पेलेट स्टोव्ह (लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या जाळून घर गरम करणारी शेगडी) आहे. धुराचा पाइप ३ इंची, भिंतीतून आडवा बाहेर काढलेला. ज्योत पिवळी, सुस्त. दोन दिवसांत स्टोव्हच्या दाराची काच काळीकुट्ट. इथली हवा समुद्रसपाटीपेक्षा जवळपास ३० टक्के विरळ, त्यामुळे स्टोव्हमध्ये हवा खेचणारा पंखा तेवढाच फिरला तरी ऑक्सिजन कमीच मिळणार. (डाळसुद्धा कुकरशिवाय शिजायचं नाव घेत नाही!) पाइप ४ इंची करून छपरावर उभा न्यावा का? वीज गेली की पंखा थांबतो आणि धूर घरात येतो, तेव्हा उभ्या पाइपाची ओढ (गरम धूर आपोआप वर जातो ती) कामी येईल. शिवाय बाहेरची हवा थेट स्टोव्हला देणारी नळी घालावी का? तोवर स्टोव्ह बंदच ठेवलाय. एवढ्या उंचीवर कोणी हे केलंय का?