फादर डेमियन यांचा एकट्याचाच गौरव का?

दर्यावर्दी
हवाईतल्या मोलोकाई बेटावर कुष्ठरुग्णांची सेवा करणाऱ्या फादर डेमियन या कॅथलिक धर्मगुरूंना २००९मध्ये संतपद मिळालं. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण त्यांची गोष्ट ज्या पद्धतीने सांगितली जाते ती खटकते. १८६५च्या कायद्याने तेव्हाच्या स्वतंत्र हवाई राज्याने कुष्ठरुग्णांना सक्तीने वेगळं काढलं आणि पुढच्या जानेवारीपासून त्यांना मोलोकाईच्या कलावाओत नेऊन सोडायला सुरुवात केली. तिन्ही बाजूंना समुद्र, पाठीशी उभा कडा. डेमियन तिथे पोचले मे १८७३मध्ये. आधीची सात वर्षं त्या माणसांना कोणी सांभाळलं? त्यांचं त्यांनीच! निरोगी नवरे, बायका, नातेवाईक आपण होऊन रुग्णांसोबत जात. हवाईत त्यांना 'कोकुआ' म्हणत. जोनाथन नापेला हे मॉर्मन पंथाचे गृहस्थ असेच पत्नी किटीसोबत गेले, पुढे त्यांनाही रोग जडला आणि १८७९मध्ये ते तिथेच वारले. डेमियनशी त्यांची मैत्री होती. त्यांचं नाव किती जणांनी ऐकलंय?

मीरा_क
नापेलांबद्दल लिहिलंत हे छान केलंत, पण तुलना पटली नाही. ते बायकोसाठी गेले. डेमियन तेहतीस वर्षांचे होते आणि तिथे त्यांचं रक्ताचं कोणीच नव्हतं. बिशपांची योजना अशी होती की चार धर्मगुरूंनी पाळीपाळीने जायचं. डेमियन पहिल्या पाळीला गेले आणि मलाच इथे राहू द्या म्हणाले. सोळा वर्षं राहिले. जखमा धुतल्या, शवपेट्या ठोकल्या, कबरी खणल्या, घरं बांधली, वस्तीपर्यंत नळाने पाणी आणलं, अनाथ मुलांना आसरा दिला. लाकूड, कपडे, अन्न मिळावं म्हणून आरोग्य मंडळाच्या मागे इतका तगादा लावला की अधिकाऱ्यांना ते हेकट वाटायचे. असा हेकटपणा रुग्णांच्या वतीने दुसरं कोण करत होतं?

रानपाखरू
तगादा लाकडासाठी होता. माणसांना घरातून उचलून आणणाऱ्या कायद्याचं काय? तो १९६९पर्यंत चालला. खरं तर १९४०च्या दशकात औषध हाती आलं होतं! सुमारे आठ हजार माणसं तिथे धाडली गेली, त्यांत बहुतेक मूळ हवाईयन. १८९३मध्ये काउआई बेटावरच्या कोओलाऊ नावाच्या रुग्णाने जायला नकार दिला, बायको पीइलानी आणि मुलासह कलालाऊ खोऱ्यात लपला, पकडायला आलेल्यांशी बंदुकीने लढला. माझ्या लेखी तोही तितकाच मोठा माणूस. सेवेचे गोडवे गाताना अन्याय झाकला जातो, हे म्हणायला नको का?

मीरा_क
@रानपाखरू, कोओलाऊबद्दल पूर्ण सहमत. पण १८७३मध्ये एका पाद्र्याने कायदा उलथवायला हवा होता, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. डॉक्टर हॅन्सनना नॉर्वेत या रोगाचा जंतू दिसला तोच मुळी त्या वर्षी. औषध नाही, रोग पसरतो कसा ते माहीत नाही, गावोगाव दहशत. अशा वेळी आजारी माणसाच्या शेजारी बसणं हाच केवढा मोठा विरोध होता!

अश्विनी७
मला वेगळंच बोलायचंय. डेमियन रुग्णांबरोबर एकाच भांड्यातून जेवत, आपली चिलीम त्यांना ओढायला देत. १८८४च्या अखेरीस पाय पोळला तरी कळलं नाही, तेव्हा रोग लक्षात आला. १५ एप्रिल १८८९ला, एकोणपन्नासाव्या वर्षी गेले. याला त्याग म्हणून डोक्यावर घेऊ नये. मदर मेरिअन कोप १८८८मध्ये तिथे आल्या, स्वच्छतेबाबत काटेकोर राहिल्या आणि त्यांच्या एकाही सिस्टरला रोग झाला नाही. सेवा अशीही होते.

दर्यावर्दी
@अश्विनी७, मेरिअन कोप यांचा मुद्दा चोख आहे. पण ते एकत्र जेवण मी निष्काळजीपणात धरणार नाही. ज्यांचा स्पर्श जगाने टाळला त्यांना त्याचं मोल काय वाटलं असेल! डेमियन गेल्यावर होनोलुलूच्या हाइड नावाच्या प्रोटेस्टंट पाद्र्याने त्यांना गलिच्छ ठरवलं, रोगाचा संबंध अनैतिक वागण्याशी जोडला. लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने १८९०मध्ये त्याला खुल्या पत्रातून सणसणीत उत्तर दिलं. गंमत नाही, चीड येते असं काही वाचलं की.

@मीरा_क, संतपद काढून घ्या असं मी म्हणतच नाहीये. २००९मध्येच अमेरिकी काँग्रेसने कलाउपापात, म्हणजे मोलोकाईवरच्या त्याच वस्तीच्या जागी, एका स्मारकाला परवानगी दिली. तिथे धाडलेल्यांची नावं त्यावर कोरायची आहेत. डेमियनवर लिहिणाऱ्या प्रत्येकाने त्यातली दोन-चार नावं तरी सोबत लिहावीत, एवढीच माझी मागणी आहे.

मीरा_क
ही मागणी मान्य. पहिलं नाव डेमियनचंच येणार, हे मात्र मी सोडणार नाही.