होइस्टला व्हीएफडी बसवल्यापासून भार उतरवताना ड्राइव्ह ट्रिप होतो : उपाय काय?

मोल्डशॉप_मेंटेनन्स :
नमस्कार. कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत मी देखभाल विभाग सांभाळतो. मोल्डिंग शेडमध्ये आमची १० टनांची ईओटी क्रेन (छताखालच्या रुळांवर चालणारी विजेची क्रेन) आहे. हुकाचा वेग मिनिटाला ४ मीटर, उचल ९ मीटर आणि होइस्टची (भार उचलणाऱ्या यंत्रणेची) मोटर ११ किलोवॅटची, स्क्विरल केज प्रकारची आहे. कोप (साच्याची वरची पेटी) ड्रॅगवर (खालच्या पेटीवर) बसवताना पिना जुळेपर्यंत ऑपरेटरला सतत इंचिंग करावे लागे, म्हणजे बटण क्षणभर दाबून-सोडून हुक थोडा थोडा सरकवावा लागे. त्यात कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारे-तोडणारे स्विच) जळत आणि साच्याच्या कडाही ढासळत, म्हणून गेल्या महिन्यात तिन्ही हालचालींना व्हीएफडी (फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग कमी-जास्त करणारे ड्राइव्ह) बसवून घेतले. लाँग ट्रॅव्हल आणि क्रॉस ट्रॅव्हल (क्रेनची लांबीची आणि आडवी धाव) उत्तम चालतात, पण होइस्टमध्ये दोन अडचणी आहेत. अधांतरी भार पुन्हा वर घेताना हुक आधी दोन-तीन बोटे खाली बसतो आणि मग वर जातो. शिवाय भरलेली पेटी पूर्ण उंचीवरून उतरवताना ड्राइव्ह मध्येच ‘ओव्हर व्होल्टेज’ दाखवून बंद पडतो आणि ब्रेक हिसक्याने लागतो. ज्यांनी ड्राइव्ह बसवला ते डिसेलरेशनची (वेग उतरवण्याची) वेळ वाढवायला सांगतात, परंतु ती दुप्पट करूनही फरक पडलेला नाही. आमचे जुने फोरमन तर म्हणतात की होइस्टला व्हीएफडी लावूच नये. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

ड्राइव्ह_कमिशनिंग :
डिसेलरेशन वाढवण्याचा सल्ला ट्रॅव्हलसाठी योग्य आहे, होइस्टसाठी नाही. धावत्या क्रेनची गतिज ऊर्जा ठरावीक असते, त्यामुळे ती जास्त वेळात पसरवली की ड्राइव्हवरचा ताण कमी होतो. होइस्टमध्ये मात्र भार एकसारख्या वेगाने उतरत असतानाही गुरुत्वाकर्षण मोटरला सतत ढकलत असते, मोटर जनित्रासारखी वागते आणि वीज उलट ड्राइव्हकडे येत राहते. मोटर थेट लाइनवर होती तेव्हाही हे घडतच होते, पण ती वीज मुकाट्याने लाइनमध्ये परत जाई आणि कोणाच्या लक्षातही येत नसे. नेहमीच्या व्हीएफडीच्या तोंडाशी डायोडचा रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा भाग) असतो आणि डायोड म्हणजे एकेरी वाट. त्यामुळे ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यावर एरवी सुमारे ५८७ असणारे डीसी बसचे (ड्राइव्हच्या आतील डीसी भागाचे) व्होल्टेज चढत जाते आणि साधारण ८०० व्होल्टच्या आसपास ड्राइव्ह स्वतःला वाचवण्यासाठी ट्रिप होतो.

ही ऊर्जा ब्रेकिंग रेझिस्टरमध्ये जाळावी लागते, आणि तुमचा घोटाळा तेथेच असावा असे मला वाटते. १० टन भार मिनिटाला ४ मीटर वेगाने उतरताना सुमारे ६.५ किलोवॅट शक्ती मुक्त होते. गिअरबॉक्स आणि मोटरमधील घट सुमारे २० टक्के धरली, तरी ५.२ किलोवॅट ड्राइव्हपर्यंत पोचते, तेही ९ मीटर उतरेपर्यंत, म्हणजे सलग सव्वादोन मिनिटे. बाजारात ड्राइव्हसोबत मिळणारा रेझिस्टर बहुधा १० टक्के ड्यूटीचा, म्हणजे दोन मिनिटांत जेमतेम १२ सेकंद काम करण्यासाठी बनवलेला असतो. तुमच्या रेझिस्टरवरील वॅटचा आकडा कृपया कळवावा. नवा घेताना वॅट वाढवावेत, मात्र ओहम ड्राइव्हच्या पुस्तिकेतील किमान मर्यादेखाली जाऊ देऊ नयेत, आणि त्यावरील थर्मोस्टॅट सर्किटमध्ये जरूर घ्यावा.

जुना_क्रेनवाला :
वरील उत्तराशी सहमत आहे, पण मला हुक खाली बसण्याची जास्त काळजी वाटते. ट्रिप झाल्यावर निदान ब्रेक तरी लागतो. येथे मात्र काही क्षण भार कोणाच्याच हातात नसतो. आपल्या ब्रेकला उघडण्याचा हुकूम कोठून मिळतो? पेंडंटचे (ऑपरेटरच्या हातातील लोंबत्या बटणपेटीचे) बटण दाबताच ब्रेक उघडत असेल, तर त्या क्षणी मोटरमध्ये चुंबकत्वही तयार झालेले नसते. आधी ड्राइव्हने मोटरमध्ये पुरेसा टॉर्क उभा करावा आणि मगच आपल्या रिलेमार्फत ब्रेक सोडावा. थांबतानाही ब्रेक पूर्ण पकडेपर्यंत त्याने भार धरून ठेवावा. यासाठी होइस्टच्या ड्राइव्हमध्ये वेगळे पॅरामीटर असतात. ब्रेकचा पुरवठा ड्राइव्हच्या आउटपुटवरून कधीही घेऊ नये, कारण कमी फ्रिक्वेन्सीला तेथे व्होल्टेजही कमी असते आणि ब्रेक अर्धवट उघडून घासत राहतो. कोप बसवण्यासाठी मोटर बराच वेळ पाच-सात हर्ट्झवर चालणार असेल, तर तिच्या शाफ्टवरचा पंखा तेवढाच मंद फिरतो, म्हणून वेगळा पंखा आणि एन्कोडर (मोटरचा वेग मोजणारे उपकरण) यांचा खर्च मी टाळणार नाही.

फोरमनसाहेबांचे म्हणणे अनुभवातून आले असेल, पण स्लिप रिंग मोटर आणि ग्रिड रेझिस्टन्सच्या जुन्या पद्धतीवर पेटी इतकी अलगद बसत नाही, हे मी तशा क्रेनवर बावीस वर्षे काढून सांगतो. एक मात्र तपासावे : वरचा शेवटचा लिमिट स्विच (हुक वर टोकाला पोचताच थांबवणारा) केवळ ड्राइव्हच्या इनपुटला जोडलेला नसावा, त्याने मोटर आणि ब्रेक या दोघांची वीज थेट तोडली पाहिजे.

मोल्डशॉप_मेंटेनन्स :
दोघांचेही आभार. रेझिस्टरवर १ किलोवॅट लिहिले आहे. ब्रेकचा कॉन्टॅक्टर पेंडंटच्या ‘वर’ आणि ‘खाली’ या बटणांवरच घेतलेला होता. काल तो ड्राइव्हच्या रिलेवर आणला, आणि अर्ध्या भारावर हुक आता जागचा हलत नाही. पूर्ण भाराची चाचणी अजून केलेली नाही. वेग निम्मा ठेवून वेळ मारून न्यावी असा विचार होता, पण हिशेब केल्यावर तेव्हाही अडीच किलोवॅटच्या वर येतात. म्हणून नवा रेझिस्टर येईपर्यंत जड पेट्या शेजारच्या बेमधील क्रेनवर देत आहोत.

जुना_क्रेनवाला :
लिमिट स्विचचे काय?

मोल्डशॉप_मेंटेनन्स :
तो ड्राइव्हच्या इनपुटलाच निघाला. रविवारी शटडाउन घेऊन बदलतो.