आत्यासाठी साधा, परवडणारा संगणक हवा आहे. काय घेऊ?

प्रश्न

माझ्या आत्याला संगणक घेऊन द्यायचा आहे. वय 77, एकटी राहते, डोकं अगदी तल्लख. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत आणि उजवा हात थोडा थरथरतो. सध्या सगळं फोनवर चालतं. बातम्या वाचायला एका हातात फोन, दुसऱ्या हातात भिंग घेऊन खिडकीशी बसते. ते बघवत नाही.

तिला तीन गोष्टी करायच्या आहेत. बातम्या मोठ्या अक्षरांत वाचायच्या, नातीशी व्हिडिओ कॉलवर बोलायचं आणि चाळीस वर्षं लिहिलेल्या रोजनिशीतला निवडक भाग मराठीत टाइप करून ठेवायचा. ही तिसरी इच्छा तिची स्वतःची. "माझं अक्षर मलाच लागेनासं होतंय, त्याआधी उतरवून काढू दे," म्हणाली.

पैसे बेताचे आहेत. भाऊ म्हणतो टॅब्लेट घे, घरातले बाकीचे म्हणतात लॅपटॉप. मी दुसऱ्या गावी असते, त्यामुळे अडलं की लगेच धावत जाणं शक्य नाही. ज्यांनी घरातल्या वयस्कर माणसासाठी हे केलंय त्यांनी कृपया सांगा.

उत्तर 1

आईला 10 इंची टॅब्लेट दिला आहे, स्टँडवर ठेवलेला असतो. वाचायला आणि कॉलला छान. पण पानंच्या पानं टाइप करायची असतील तर टॅब्लेट नको. पडद्यावरचा कीबोर्ड वर आला की निम्मा पडदा झाकतो, लिहिलेलं दिसतच नाही. शिवाय वय वाढतं तशी बोटांची त्वचा कोरडी पडते आणि स्पर्श पडद्याला नीट कळत नाही. मग आई जोरात दाबून धरते आणि भलताच मेनू उघडतो.

उत्तर 2

माझ्या बाबांसाठी (वय 81) मी हे सगळं केलं आहे. पहिल्या वेळी चुकलो, दुसऱ्या वेळी जमलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा त्यांना नवा लॅपटॉप दिला. चांगला होता, वेगवान होता. दोन महिन्यांनी घरी गेलो तर तो कपाटात, घडी घातलेल्या चादरींवर. विचारलं तर म्हणाले, "मला नाही जमत रे, माझं वय झालं." मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांना म्हटलं, तुम्ही वापरा, मी नुसता शेजारी बसतो, काही बोलणार नाही. तेव्हा खरी अडचण दिसली.

डबल क्लिक करताना पहिल्या आणि दुसऱ्या क्लिकच्या मधे त्यांचा हात जरासा सरकायचा. विंडोजच्या मूळ सेटिंगमध्ये बटण दाबलेलं असताना माउस 4 पिक्सेल (पडद्यावरचे बारीक ठिपके) हलला तरी संगणक समजतो की तुम्ही ती वस्तू ओढताय. त्यामुळे फाइल उघडायची नाहीच, उलट शेजारच्या फोल्डरमध्ये जाऊन पडायची. बाबांच्या दृष्टीने फाइल "हरवली". असं दिवसातून पाच वेळा झालं तर कोण बसेल त्या यंत्रासमोर? फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन एका क्लिकने उघडण्याची सोय चालू केली, माउसचा वेग कमी केला, वायरचा जरा मोठा, वजनदार माउस आणला. फाइल हरवायची त्या दिवसापासून थांबली. वय आडवं आलंच नव्हतं.

म्हणून माझं सांगणं असं, की कुठला प्रोसेसर घ्यावा हे नंतर बघा. आधी आत्यांच्या शेजारी तासभर बसा आणि त्यांचे हात आणि मान कशी हलते ते बघा. पैसे तिथे घाला.

आता पडदा. लॅपटॉपला माझा विरोध आहे तो यासाठी. साधारण 15.6 इंची लॅपटॉपचा पडदा 1920 × 1080 पिक्सेलचा असतो, आणि 24 इंची साध्या मॉनिटरचाही तेवढाच. पिक्सेल तेवढेच, पण ते मोठ्या जागेत पसरलेले. म्हणजे दोन्हीकडे सेटिंग सारखंच असेल तर मॉनिटरवरचं अक्षर जवळजवळ दीडपट मोठं दिसतं. त्यावर विंडोजमध्ये 125 किंवा 150 टक्के केलं की भिंगाची गरज राहत नाही. 4के (चौपट पिक्सेलच्या) मॉनिटरच्या वाटेला जाऊ नका. तो महाग, आणि त्यावर अक्षरं आणखी बारीक होतात, मग ती फुगवत बसावं लागतं.

लॅपटॉपची दुसरी अडचण म्हणजे पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जखडलेले. पडदा जवळ ओढला की हातांना जागा उरत नाही.

चष्म्याचं मात्र नक्की बघा, हे कुणी सांगत नाही. मोतीबिंदूनंतर बसवलेलं भिंग बहुतेकदा लांबचं दिसण्यासाठी असतं आणि वाचायला वेगळा चष्मा देतात. तो साधारण 40 सेंटिमीटरवरच्या पुस्तकासाठी, म्हणजे 2.5 च्या आसपास नंबरचा असतो. मॉनिटर असतो 60-70 सेंटिमीटरवर. तिथे साधारण 1.5 लागतो. चुकीच्या चष्म्यातून माणूस पुढे वाकतो आणि पाठ धरते. चष्म्यात खाली वाचायची पट्टी असेल तर हनुवटी वर करून बघत राहतो आणि मान धरते. डोळ्यांच्या डॉक्टरांना पडद्याचं अंतर मोजून सांगा, ते त्या अंतराचा नंबर काढून देतील. आणि मॉनिटर एरवी ठेवतो त्यापेक्षा थोडा खाली ठेवा.

प्रश्नकर्ती

तुमचं वाचून काल आत्याकडे मुक्कामाला गेले आणि माझा लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला. तुम्ही लिहिलंय तस्संच झालं. माझा एक फोल्डर दुसऱ्या फोल्डरमध्ये गेला आणि ती घाबरून म्हणाली, "तुझं काही बिघडवलं का गं मी?" एका क्लिकची सोय केल्यावर तासभर बसली.

आता दोन शंका. डेस्कटॉपच घ्यायचा तर वापरलेला घेतला तर चालेल का? आणि मराठी टाइप करायला काय सोपं? तिला इंग्रजी वाचता येतं, पण सवय नाही.

उत्तर 2

वापरलेला जरूर घ्या. कार्यालयांतून बाहेर पडणारे छोटे डेस्कटॉप मिळतात, जाड पुस्तकाएवढे. ते मॉनिटरच्या पाठीमागे स्क्रूने बसवता येतात, टेबलावर पसारा होत नाही. फक्त काही गोष्टी पाहून घ्या. विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला संपले, तेव्हा यंत्र विंडोज 11 चालवणारं हवं. इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. रॅम (चालू कामांसाठीची तात्पुरती स्मृती) 8 जीबी. विंडोज 11 साठी 4 जीबी पुरते असं लिहिलेलं असतं, पण ब्राउझर आणि व्हिडिओ कॉल एकत्र चालवून बघा, दम लागतो. साठवण एसएसडीच (फिरते भाग नसलेली, वेगवान) हवी, जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर नाही म्हणा. यंत्र हळू झालं की वयस्कर माणसाला वाटतं आपलंच बटण चुकलं, मग ते चारदा दाबतात आणि चार खिडक्या उघडतात. एसएसडीचा फायदा मला तिथे सगळ्यात जास्त जाणवला.

नवे स्वस्त लॅपटॉप 64 जीबी साठवणीचे असतात, ते टाळा. अपडेटनीच भरून जातात.

डेस्कटॉपला कॅमेरा नसतो, माइक असलेला यूएसबी वेबकॅम वेगळा घ्या. आणि वीज जात असेल तर छोटा यूपीएस.

मराठीसाठी दोन वाटा आहेत. विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड 2019 पासून आहे, इंग्रजी अक्षरांत लिहिलं की देवनागरी उमटते. पण आत्यांच्या मनात इंग्रजी स्पेलिंग येत नसेल तर मी इन्स्क्रिप्ट ही भारतीय लिपींसाठीची कीबोर्डची मांडणी सुचवेन. डावीकडे स्वर आणि मात्रा, उजवीकडे बहुतेक व्यंजनं. बाराखडी पाठ असलेल्या माणसाला ते पटकन पटतं. एका बटणावर क, तेच शिफ्टसह दाबलं की ख. तसंच ग आणि घ. देवनागरी अक्षरं छापलेला कीबोर्ड किंवा स्टिकर आणा. हात थरथरतो म्हणून शिफ्ट धरून ठेवणं जड जाईल. त्यासाठी स्टिकी कीज चालू करा. मग शिफ्ट दाबून सोडायचं, नंतर अक्षर दाबायचं. दोन हातांचं काम एका बोटावर येतं.

दमल्या तर क्रोममधल्या गूगल डॉक्समध्ये नुसतं बोलूनही मराठी उमटतं. नावं आणि विरामचिन्हं तपासावी लागतात, एवढंच.

उत्तर 3

टाइप करायचंय आणि ब्राउझरच वापरायचाय, तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या संगणकप्रणालीचा विचार करा. फुकट आहे, विंडोज 11 न चालणाऱ्या जुन्या यंत्रावरही चालतं, मिंट 22 ला 2029 पर्यंत अपडेट आहेत. क्रोमबुकही (गूगलच्या प्रणालीवर चालणारा लॅपटॉप) सोपं पडतं. 2021 पासूनच्या मॉडेलना 10 वर्षं अपडेट मिळतात. पण ती वर्षं त्या मॉडेलचा प्लॅटफॉर्म (आतल्या मुख्य भागांचा संच) बाजारात आला तेव्हापासून मोजतात, तुम्ही घेतलं तेव्हापासून नाही. जुनं घेताना शेवटची तारीख बघा.

उत्तर 2

मिंट चांगलंच आहे, मी स्वतः वापरतो. पण ताईंनी एक बघावं. अडलं तर आत्यांना फोनवर कोण सांगणार? त्या माणसाला जे येतं तेच घ्या. ताईंना विंडोज येत असेल तर विंडोज. त्यात क्विक असिस्ट आहे. तुम्ही कोड सांगायचा, आत्यांनी तो टाकून परवानगी द्यायची, की तुम्हाला त्यांचा पडदा दिसतो.

त्यातच एक धोका आहे, तो कळकळीने सांगतो. बाबांच्या पडद्यावर एकदा पूर्ण लाल पान आलं, भोंगा वाजायला लागला, "संगणकात व्हायरस, या क्रमांकावर फोन करा". बाबांनी आकडे लावायला घेतले होते, सुदैवाने मी घरात होतो. समोरचा माणूस असाच कोड सांगून तो टाकायला लावतो आणि बँकेच्या खात्यापर्यंत जातो. म्हणून पहिल्याच दिवशी ब्राउझरमधली नोटिफिकेशनची परवानगी बंद करा. रोजच्या वापराला साधं खातं द्या, प्रशासकाचं खातं (ज्यातून सेटिंग बदलता येतात) तुमच्याकडे ठेवा. आणि मॉनिटरच्या कडेला मोठ्या अक्षरांत एक चिठ्ठी लावा: "पडद्यावर आलेल्या नंबरवर फोन करायचा नाही. कोड फक्त भाचीने सांगितलेलाच टाकायचा." बाबांच्या मॉनिटरवर ती चिठ्ठी अजून आहे, एकदा कडा फाटल्या तेव्हा त्यांनी स्वतः नवी लिहून लावली.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. वापरलेला छोटा डेस्कटॉप, 8 जीबी, एसएसडी, विंडोज 11, त्याला नवा 24 इंची मॉनिटर, असं घेतलं. संगणकाच्या अंतराचा चष्माही झाला, डॉक्टर म्हणाले बरं झालं मोजून आणलंत. चिठ्ठी आत्याने स्वतःच्या अक्षरात लिहिली आहे.

इन्स्क्रिप्टवर पहिल्या दिवशी चार ओळी झाल्या, आठव्या दिवशी एक पान. "ज्ञ" मात्र सापडत नव्हता, काल रात्री फोन करून विचारला. तो शिफ्ट धरून वरच्या आकड्यांच्या ओळीत कुठेतरी आहे एवढं मला माहीत होतं, नेमकं बटण आठवेना. मी ते शोधेपर्यंत तिने ज, हलन्त, ञ असं करून लिहिलासुद्धा.

आता एकच राहिलंय. वेबकॅम मॉनिटरच्या वर बसवलाय आणि मॉनिटर खाली, तरी नातीला आत्याचं कपाळच दिसतं. कॅमेरा वेगळ्या छोट्या स्टँडवर लावला तर बरं पडेल का?

उत्तर 2

स्टँड नको, हलतो. मॉनिटर पाच अंश मागे कलता करा, कॅमेऱ्याचं तोंड थोडं खाली वळवा आणि कॉलची खिडकी पडद्यावर अगदी वर, कॅमेऱ्याखाली ओढून ठेवा. आत्या नातीकडे बघतील तेव्हा चेहरा आपोआप वर येईल.