मदत हवी आहे : ऑगस्टमध्ये पुजेट साउंडच्या खाऱ्या पाण्यात सॅल्मन आणि ट्राउटसाठी गळ टाकण्याबाबत

नमस्कार. मी सोलापूरचा असून गेली बावीस वर्षे उजनी धरणाच्या फुगवट्यावर गळाने मासे धरतो. कटला-रोहूसाठी कणकेचा गोळा, वांबेसाठी गांडूळ, मरळीसाठी बेडूक, एवढीच माझी विद्या. ऑगस्ट २०२७ मध्ये मुलीकडे अमेरिकेत सिएटलजवळ तीन आठवडे राहायला जाणार आहे आणि तेथील पुजेट साउंड या समुद्राच्या फाट्याच्या किनाऱ्यावरून गळ टाकण्याची फार इच्छा आहे. (सॅल्मन म्हणजे आपला रावस नव्हे. रावसाला इंग्रजीत 'इंडियन सॅल्मन' म्हणत असले तरी त्याचे कूळ निराळे आहे.)

विषम साली तेथे पिंक या जातीच्या सॅल्मनचे थवे समुद्रातून नद्यांकडे परततात आणि ते पृष्ठभागाजवळून, बऱ्याचदा किनाऱ्यालगत जातात, म्हणून माझ्यासारख्या नवख्याला तेच सोपे पडतील असे वाटते. चिनूक ही सॅल्मनची दुसरी जात मात्र पहाटे वर असते आणि उजाडल्यावर खोल उतरते, त्यामुळे नावेशिवाय तिच्या नादी लागण्यात अर्थ नसावा. माझी खरी अडचण भरती-ओहोटीची आहे. उजनीत पाणी महिन्या-महिन्यांनी उतरते, तेथे ते दिवसातून दोनदा चढते-उतरते आणि सिएटलला हा फरक तीन मीटरच्याही वर जातो. पाणी वळण्याच्या (भरतीची ओहोटी किंवा ओहोटीची भरती होण्याच्या) सुमारास मासा चारा घेतो असे वाचले, पण किनाऱ्यावरून टाकणाऱ्याने वळण्याआधीचा तास धरावा की नंतरचा, आणि पहाट व भरती जुळत नसतील तर कशाला महत्त्व द्यावे?

दुसरा प्रश्न मला अधिक छळतो. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात, पारा ४२ अंशांवर असताना, मी एक मोठा कटला बराच वेळ खेळवून, छायाचित्रासाठी पाण्याबाहेर धरून मग सोडला, आणि दुसऱ्या दिवशी तो काठाला मेलेला सापडला. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि दमलेला मासा त्यात सावरत नाही, हे मला तेव्हा ठाऊक असायला हवे होते. सॅल्मन व ट्राउट तर थंड पाण्याचे मासे. पाणी २० अंशांच्या आसपास गेले की त्यांना त्रास होऊ लागतो. साउंडचे पाणी उन्हाळ्यातही बहुतेक ठिकाणी थंड असते, पण नदीतून खाऱ्या पाण्यात उतरणारा कटथ्रोट जातीचा ट्राउट उथळ काठाशी फिरतो आणि तो सोडूनच द्यावा लागतो. उन्हाने तापलेल्या उथळ पाण्यात दुपारी त्याच्यासाठी गळ टाकावा की नाही?

चिनूक आणि कोहो या सॅल्मनच्या जातींमध्ये, शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापलेला असेल तर मासा हॅचरीचा (मत्स्यबीज केंद्रात वाढवून सोडलेला), आणि तो शाबूत असेल तर बहुधा रानातला, असे ओळखतात. सॅल्मनसाठी काटा बिनदाती (टोकाजवळ उलटा दात नसलेला) लागतो, हेही समजले. पण मासा पाण्यात ठेवूनच हा पर कसा पाहावा आणि काटा कसा काढावा, हे ज्यांनी स्वतः केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. जाळी रबराची घ्यावी की पक्कडीनेच भागते? माझ्याकडे सात फुटी रॉड आहे; तो पिंकसाठी पुरेल का, तेही सांगावे. परवाना आणि धरलेल्या माशांचे नोंदपत्र तेथे पोहोचल्यावर काढणार आहे.

कोकणात खाडीवर गळ टाकणाऱ्यांनीही उत्तर द्यावे, कारण उधाण (मोठ्या भरती-ओहोटीच्या) आणि भांगाच्या (लहान भरती-ओहोटीच्या) दिवसांचा मासा कसा वेगळा वागतो, हे तुम्ही लहानपणापासून पाहिलेले असते.